आईने गाठ आमच्या वाढदिवसांनी मोजली

"इनवेसिव डक्टल कार्सिनोमा," डॉक्टर मॅडम रिपोर्टवर बोट ठेवून म्हणाल्या. म्हणजे दुधाच्या नळीत सुरू झालेला आणि नळीची भिंत ओलांडून बाहेर आलेला स्तनाचा कॅन्सर. आईने ऐकलं आणि पदर सारखा केला.

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि आमच्या शहराच्या हिंदीत विचारलं. "माताजी, आपने पहले दिन बताया था, गाँठ दस दिन की है। यह दस दिन की नहीं है। सच बताइए।"

आई माझ्याकडे बघेना. भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगावं तसं तिने सांगितलं, "इनके जन्मदिन को नहाते समय हाथ में आई। मटर जैसी। बड़े लड़के के जन्मदिन तक चिंचोका... वो इमली का बीज, उतनी। फिर इसके जन्मदिन को औक्षण का ताट उठाया, तो बगल में खिंचा।"

मी महिने सांगितले: बाबांचा वाढदिवस नोव्हेंबरात, दादाचा फेब्रुवारीत, माझा जूनमध्ये. आम्ही बसलो होतो ऑगस्टमध्ये. मॅडमनी बोटांवर मोजलं. "नौ महीने।"

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी भांडले. हो, कॅन्सर कळून दहा मिनिटं झालेल्या बाईशी भांडले.

"काहून नाही सांगितलं?"

"वाढदिवशी सांगितलं असतं तर तुमच्या घशाखाली घास उतरला असता का?"

"मग दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी पाहुणे होते. मग दादाचा आला. मग तुझा. चलो, आता ओरडू नको, लोक पाहून राहिले."

आमच्या घरचे वाढदिवस म्हणजे आई. पहाटे डोक्याला तेल, मग पाट, कुंकू, तोंडावरून ओवाळलेली सुपारी आणि अंगठी. बाबांसाठी वडाभात, दादासाठी श्रीखंड, माझ्यासाठी बाजारातून खव्याची जिलेबी, आणि ती गरमच हवी म्हणून बाबांना स्कूटरवर पिटाळणं. जेवताना ती प्रत्येकाच्या जन्माची गोष्ट सांगायची. मी झाले तेव्हा फॅक्टरीचा भोंगा वाजत होता, आणि बाबा पेढ्यांऐवजी घाईत बत्तासे घेऊन आले होते. दरवर्षी तीच गोष्ट, दरवर्षी आम्ही हसायचो. या सगळ्याबद्दल मी तिची ऋणी आहे, आणि याच सगळ्याचा मला आता संताप येतो. दोन्ही खरं आहे.

आता माझं ऐका. मी बायकांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या एका गटात आहे. पत्रकं मी लिहिते. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी हिंदीत लिहिलं होतं, "गाँठ दिखे तो छिपाइए मत, दर्द न हो तब भी।" घमापुरच्या बाजारात भाजीवालीपासून सोनाराच्या बायकोपर्यंत सगळ्यांच्या हातात ते कोंबलं. घ्यायला लाजणाऱ्या बायकांवर चिडलेसुद्धा. त्या पत्रकांच्या घड्या कोणी घातल्या? आईने. स्वयंपाकघरात बसून, नखाने कड दाबत, गठ्ठेच्या गठ्ठे. गाठ तेव्हा चिंचोक्याएवढी होती. मी समोर बसून चहा पीत होते आणि तिला सांगत होते की आपल्या समाजातल्या बायका किती अडाणी आहेत.

जुलैत तिने वरच्या फळीवरचा डबा मला काढायला सांगितला, हात वर जात नव्हता, म्हणून तरी मी तिला ओढत नेलं. नाहीतर तिने बाबांचा पुढचा वाढदिवसही गाठला असता.

तपासण्यांचं सांगते, कारण भीती त्यांचीच जास्त असते. मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे. दोन पट्ट्यांमध्ये दाबतात, दुखतं, थोड्या वेळात संपतं. बायोप्सी म्हणजे सुईने काढलेला गाठीचा बारीक तुकडा. सुई लावली की कॅन्सर पसरतो, ही थाप आहे. ती थाप मला सुशिक्षित लोकांनी ऐकवली. राइट टाउनमधल्या एक काकू तर म्हणाल्या, "भाभी कितनी सहनशील हैं!" सहनशील! हा शब्द मला शिवीसारखा लागतो.

मॅडमनी आधी केमोथेरपी ठरवली, म्हणजे गाठ लहान करणारी औषधं शिरेतून द्यायची, दर एकवीस दिवसांनी. मग ऑपरेशन. पहिल्या केमोनंतर केस गेले, दुसऱ्यानंतर तोंडाची चव. तिसरीला आई नर्स दीदींना म्हणाली, "बेटा, शीर सापडली की सांग, तेव्हाच डोळे उघडीन." चौथी आली ती नेमकी बाबांच्या साठाव्या वाढदिवशी.

साठीशांत ठरली होती. गुरुजींना सांगून झालं होतं. नागपूरहून आत्या, बाबांची मोठी बहीण, येणार होती. तिचा फोन स्पीकरवर होता. "सुनंदा, सुई एक हप्ता पुढं ढकलली तर काय होते? साठी काय दरवर्षी येते? पाटावर जोडीनं बसावं लागते."

आणि आई म्हणाली, "हो ताई, डॉक्टरांना विचारते."

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "ख़ून की रिपोर्ट ख़राब हो तो मैं ख़ुद टालती हूँ। मेहमानों के लिए नहीं टालती।"

घरी आलो. बाबा टीव्हीकडे बघत बसले. टीव्ही बंद होता.

"बोला ना बाबा!" मी ओरडले. "तुमचा वाढदिवस आहे, तुम्ही बोला!"

"तुझी आई म्हणेल तसं," बाबा म्हणाले.

बाबा वाईट माणूस नाहीत. पण अशा वेळी चांगली माणसं नेमकं हेच वाक्य बोलतात आणि ओझं पुन्हा तिच्याच डोक्यावर ठेवतात.

आईने डोक्याचा रुमाल घट्ट बांधला. "मी म्हणेन तसं ना? मग ऐका. मी पाटावर नाही बसत. मला सुई घ्यायला जायचं आहे."

तिने स्वतः फोन लावला. "ताई, मला त्रास होऊन राहिला. खूप. मला जगायचं आहे. तुम्ही नंतर या." तिकडून आत्याच्या रडण्याचा आवाज. मग, "अगं वेडे, आधी काहून नाही बोलली? येते मी, पोळ्या करायला येते."

साठाव्या वाढदिवशी बाबा वॉर्डात प्लास्टिकच्या स्टुलावर बसून होते, मांडीवर उलटीचा टब. मी त्यांना शुभेच्छा द्यायला विसरले. त्यांनी आठवणही करून दिली नाही.

ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, म्हणजे उरल्यासुरल्या पेशींवर किरणांचा शेक. आता दर तीन महिन्यांनी तपासणी असते. त्या मॅडमची, शीर शोधणाऱ्या दीदींची आणि पोळ्या करायला आलेल्या आत्याची मी आभारी आहे. हे वाचणाऱ्या पोरांनो, आईला विचारा. ती "काही नाही" म्हणाली, तर पुन्हा विचारा.

आज ओमतीत आमच्या गटाच्या मीटिंगमध्ये होते. आईचा फोन आला. "मनू, दुसऱ्या बाजूला काहीतरी टोचून राहिलं. काही नसेलही. पण उद्याच दाखवू."

उद्या माझा वाढदिवस आहे. तिला तो पाठ आहे. तरी तिने उद्याच म्हटलं.

सकाळी नऊचा नंबर लावला आहे.