पुदिन्याचा सॉस आणि सुलभाची ढाल

काल लंडनजवळ स्टॅनमोरला मित्राकडे मटणाबरोबर पुदिन्याचा सॉस आला, आणि त्या आंबट वासासरशी मी नव्वदच्या सुमाराच्या, असाच सॉस असलेल्या एका मेजवानीत जाऊन बसलो. माझी बायको सुलभा लीड्सला शिकताना युनिव्हर्सिटीकडून धावायची. वीस वर्षं तिला विसरलेल्या युनिव्हर्सिटीने अचानक ‘हॉल ऑफ फेम’मध्ये घेऊन जेवायला बोलावलं होतं.

मला संशय होताच. भिंतीवरच्या गौरवमूर्तींत एकही सावळा चेहरा नव्हता, आणि फोटोग्राफर सुलभाला सारखा मधोमध उभं करत होता. नव्या माहितीपत्रकासाठी, असं तोच म्हणाला. मग चेअरमननी गोड आवाजात विचारलं, "साडी नाही नेसलात?"

"साडी नेसून धावत नव्हते मी," युनिव्हर्सिटीच्या संघाचा जुना ब्लेझर सारखा करत सुलभा म्हणाली.

परतीच्या ट्रेनमध्ये मी विजयी सुरात म्हणालो, "तुला फोटोपुरतं बोलावलं होतं."

"तुला आत्ता कळलं?" मेजवानीत मिळालेली, मांडीवरची लाकडी ढाल रुमालाने पुसत ती म्हणाली, "अरे, बोलावलं असेल कशासाठीही. शर्यतीत पहिली मीच आले होते ना?"

संशय खरा ठरूनही मी हरलो, असं आयुष्यात तेवढंच एकदा झालं.