सरजाबाईच्या भिवया

निहार, सई,

परवा फोनच्या पडद्यावर तुम्ही दोघांनी मला निरखून पाहिलंत आणि विचारलंत, "आजी, केस काळे करतेस, मग भिवया पांढऱ्या का ठेवतेस?" मी हसून विषय बदलला. तेव्हापासून मन जाग्यावर नाही. लिहायला बसल्यापासून तीनदा उठले. एकदा तर उगीचच गच्चीवरची टाकी पाहून आले. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका बाईपाशी आहे, आणि ती गोष्ट जाणणारी इथे मी एकटीच उरले आहे. म्हणून आजच लिहिते.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी अकोल्याकडच्या मालेगावच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. सरजाबाई तिथे शिपाई. तिला बसलेली मी पाहिलीच नाही. घंटा दिली की माठ भरायची, माठ भरले की वर्गातले फळे पुसायची, काहीच नसलं तर झाडलेला व्हरांडा पुन्हा झाडायची. भाकरीसुद्धा उभ्यानं खायची. "टेक ना जरा," म्हटलं तर म्हणायची, "बसलं का डोस्क्यात इचार येतेत बाई. उभं राह्यलेलं बरं."

पदर कपाळापर्यंत असल्यामुळे तिचे केस कुणाला दिसत नसत. भिवया दिसत. चेहऱ्यावर सुरकुती नाही, आणि भिवया मात्र पांढऱ्याशुभ्र. रोज सकाळी ती एरंडेलात काजळ कालवून त्या रंगवी. दोन वाजेपर्यंत घामानं रंग ओघळे. मुली खिदळत, "मावशी, भिवई गालावर आली वं!"

"येऊ दे. फिराले गेली हाये, येईन घरी," ती म्हणे, आणि पदरानं गाल पुसून पुढच्या वर्गाकडे निघे.

या भिवयांनी तिचं मोठं नुकसान केलं होतं. आठ वर्षांपूर्वी नवरा विहीर खणताना दरड कोसळून गेला, तेव्हा ती नोकरीवर लागली. जन्माचा दाखला कुठला? त्या वेळच्या हेडमास्तरांनी मान वर करून भिवया पाहिल्या आणि लिहिलं, 'वय अंदाजे पन्नास.'

"म्या म्हनलं, सायेब, माह्या मायच्या भिवया बी लग्नाआंधीच पिकल्या व्हत्या. पन आयकते कोन?"

आता कागदावर तिला निवृत्तीची अठ्ठावन्न भरत होती. शाळेच्या संस्थेच्या सेक्रेटरींना त्या जागेवर नात्यातली एक बाई लावायची होती. पत्र आलं: सोमवारी अकोल्याला डॉक्टरांकडून वय तपासून घ्यावं, नाहीतर महिनाअखेर घरी बसावं. तिची लेक रमी तेव्हा दुसरीत होती.

"मी घरी बसली तं रमीच्या हातात इळा येईन बाई. पाटी सुटली का सुटली."

शुक्रवारी मी वह्या तपासत होते. ती समोर उभी, काजळ डोळ्यात उतरलेलं. मान वर न करता मी बोलून गेले, "हे काजळ टिकत नाही सरजाबाई. काहीतरी पक्कं लाव."

एवढंच बोलले. एवढ्यासाठीच मघाशी तीनदा उठले.

रविवारी सकाळी रमी पळत आली. "बाई, मायचे डोये दिसत नाही!" मी हाताला आला तो पंचा घेऊन धावले. सरजाबाई भिंतीला टेकून बसली होती. मी तिला बसलेली पाहिली ती अशी. कपाळ, पापण्या टरारून सुजलेल्या, भिवयांच्या जागी फोड. तिनं बिब्बा फोडून त्याचं तेल चुन्यात कालवून लावलं होतं, जसं परीट कपड्यांवर खुणा करायला लावतो तसं.

"कपडा फाटते, पन परटाची खून जात नाही. तुमीच म्हनलं ना बाई, पक्कं लाव म्हनून."

मी पंच्यानं ते पुसलं, खोबरेल लावलं, चिंचेच्या पाण्याच्या घड्या ठेवल्या. तिचं अकोल्याला जाणं शक्यच नव्हतं. तिचा हात मात्र जमीन चाचपत होता. "केरसुनी कुठी हाये वं रमे?"

"गप बस," मी ओरडले. मग विचारलं, "रमी कधी झाली?"

"धनी गेले तवा पोटात व्हती. शाळेत लागल्यावर चार मह्यन्यानं झाली. तुमी नव्हत्या तवा."

मी तशीच शाळेत गेले. दुपारपर्यंत कपाटातली जुनी हजेरीपुस्तकं उपसली. सापडलं: त्याच हेडमास्तरांच्या अक्षरात, सरजाबाईच्या नावापुढे 'बाळंतपणाची रजा.' वय पन्नास लिहिल्यापासून चार महिन्यांनी.

सोमवारी ते पुस्तक मी संस्थेच्या समितीपुढे उघडून ठेवलं. "पन्नासाव्या वर्षी बाळंतपण? दोन्हीपैकी एक खोटं आहे. खोटं कुठलं ते सांगा, मी तसं लिहून घेते." सेक्रेटरींनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच हसले. वय दुरुस्त करायचं ठरलं.

ही बातमी सांगितली तेव्हा तिचा एक डोळा किलकिला झाला होता. "अ बाप्पा! मंग म्या कायले जाळून घेतलं वं तोंड?" आणि ती हसायला लागली. मला हसता आलं नाही.

डाव्या भिवईला मधोमध फट राहिली. उरलेली पांढरीच उगवली. तिनं पुन्हा काजळ लावलं नाही, मीही माझ्या भिवयांना कधी काही लावलं नाही. तिनं आणखी पुष्कळ वर्षं घंटा दिली. रमी मानोऱ्याकडच्या एका शाळेत बाई झाली. सरजाबाई गेल्याचं तिनंच कळवलं: "माय अंगण झाडता झाडता गेली."

तो पंचा माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे. कितीदा धुतला, किनार विरून गेली. भिवयांचे दोन काळे डाग तसेच आहेत.