शिलाई विभागातला दुभाष्या

हे मी आईला सांगितलेलं नाही. खोलीवरच्या मित्रांना नाही, केंद्रातल्या कुणालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असता तर मी तोंड उघडलंच नसतं. तेव्हा याला धाडस समजू नका.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. उजनीच्या पाण्याकाठचं गाव, थोडी केळी, थोडा ऊस. सोलापुरात एमबीएला आलो, इंटरनॅशनल बिझनेस घेतलं. विषयाचं नाव आईला अजून नीट घेता येत नाही. 'परदेशाचं शिकतोय' म्हणते. वर्गातल्या शिक्षणाला प्रत्यक्षाची जोड हवी म्हणून आमच्याकडं एक निर्यात संशोधन केंद्र आहे. काचेचं दार, एसी, भिंतभर जगाचा नकाशा. त्या केंद्राचा मला संताप येतो. का, ते सांगतो — पण तिथं जागा मिळावी म्हणून मी जीव टाकत होतो, हेही लक्षात ठेवा.

तिथं मला किंमत आली ती कशामुळं? इंग्रजीमुळं नाही. माझ्या हाय-न्हायमुळं. पहिल्या वर्षी त्यावर अख्खा वर्ग हसायचा. संचालक सर मात्र म्हणाले, "अरे, हे तर तुझं भांडवल! कामगार तुझ्याशी मोकळं बोलतील." कामगारापुढं बसलं की लगेच प्रश्न काढायचे नाहीत. आधी गाव विचारायचं, पाहुणेरावळे काढायचे, माणूस सैल झाला की मग मुद्द्यावर यायचं. याला तिथं पद्धत म्हणतात. माझ्या आईची बोली त्यांनी गळासारखी माझ्या हातात दिली. आणि मी? मी ती हसत घेतली.

परदेशी खरेदीदार कंपनीच्या एक बाई टॉवेलचा कारखाना बघायला आल्या. कामगारांशी बोलताना कारखान्याचं माणूस जवळ नको, हा त्यांचा नियम. म्हणून दुभाष्या केंद्राचा — म्हणजे मी. कारखान्याचे मालक केंद्राच्या सल्लागार मंडळावर होते, आमच्या मुलांना नोकऱ्या देणारेही तेच. बाईंना हे माहीत होतं का, कोण जाणे. मला माहीत होतं.

शिलाई विभागातली एक मावशी समोर येऊन बसली. शालन म्हणू तिला. मी पद्धतीप्रमाणे गाव विचारलं. ती पाण्याच्या पल्याडची निघाली, आमच्या गावाच्या बरोबर समोरची.

"आगं बया! म्हंजे आमच्यातलाच हायस की तू!"

मग ती पुढं झुकली. "तोंडाला बांधायचं ह्ये फडकं आजच दिलंय बग. सांजच्याला माघारी घेत्यात. लई लव उडती कापसाची, खोकून खोकून छाती फाटती. पन खोकलं की घरी बसवत्यात. सांग त्या बाईला. समदं सांग, लेकरा."

मी बाईंकडं वळलो आणि इंग्रजीत म्हणालो — यांना मास्क मिळतात, काही तक्रार नाही. संपलं. एरवी अडखळणारं माझं इंग्रजी तेव्हा एकदाही अडखळलं नाही. शालनमावशी माझ्या तोंडाकडं बघत मान हलवत होती. शब्द तिचेच आहेत, अशी खात्री होती तिला.

घाबरलो होतो म्हणून, असं तुम्ही मनातल्या मनात म्हणत असाल. म्हणू नका. पुढचं ऐका.

मालकांनी काचेपलीकडून पाहिलं होतं. परदेशी बाई दुसऱ्या गाडीनं गेल्या. मी, सर आणि मालक एका गाडीत. मालक म्हणाले, "काय पंडित, ती एवढं बडबडली आणि तू एका वाक्यात उरकलंस? काय म्हणत होती?"

गप्प बसता आलं नसतं? गावाकडच्या गप्पा होत्या, एवढं म्हणता आलं नसतं? खोटं तर मी नुकतंच बोललो होतो — आणखी एक काय जड होतं? पण मी नक्कल केली. मान पुढं काढली, खोकलो, आणि म्हणालो, "सांजच्याला माघारी घेत्यात, लेकरा!" मालक खो खो हसले. सरही हसले. म्हणून मी पुन्हा करून दाखवली.

नक्कल हुबेहूब जमली. जमणारच. माझ्या घरात सगळे तसंच बोलतात.

शालनमावशीला दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवलं. हे मला सरांनी सांगितलं, सहज, चहा पिता पिता. मी चहा संपवला. पुढं केंद्रात मला कायमचं टेबल मिळालं. आता नव्या पोरांना मीच शिकवतो — आधी गाव विचारा.

माझी खोली शुक्रवार पेठेत आहे. गल्लीच्या टोकाला एका घरी कडक भाकरी करून विकतात. एकदा गेलो तर चुलीपुढं, धुरात, शालनमावशी. मी मागं फिरायच्या आत तिनं हाक मारली.

"त्या गोरीनंच घात केला बग माजा. तू समदं सांगितलं हुतंस न्हवं तिला?"

"व्हय मावशी. समदं."

"मग तुजा काय दोष?" असं म्हणून तिनं एक भाकरी जास्तीची बांधली. मी ती घेतली. खोलीवर येऊन खाल्ली.

अजून तिथूनच भाकरी आणतो. ती अजून खोकते. परवा तिनं विचारलं, "तितं सेंटरात तू करतूस तरी काय रं?"

"मान्सांचं आयकून घ्याचं, मावशी."

"चांगलं काम हाय," ती म्हणाली, आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.