औलीच्या स्कीमचे लाभार्थी

स्कीइंगला जायचं हे मुलीनं ठरवलं, मुलानं होकार भरला, ह्यांनी 'बघू' म्हटलं आणि कामाला मी लागले. आमच्या घरात सहल अशीच निघते. लग्नाला जायचं असो की देवाला, गाडी सांगायची मी, डबे भरायची मी आणि उशीर झाला की बोलणी खायचीही मीच. औली उत्तराखंडात आहे, तिथं नवख्या माणसांना बर्फावर उभं राहायला शिकवतात, बर्फ जानेवारी-फेब्रुवारीतच धड असतो, हे सगळं मी शिरूरला कॉलेजच्या ऑफिसात डबा खाता खाता फोनवर शोधून काढलं.

तारखा जुळवणं म्हणजे तागडीत बेडूक तोलणं. ह्यांची सणसवाडीच्या कंपनीतली शिफ्ट, मुलाची पुण्यातली रजा, मुलीची परीक्षा, मध्येच गावची जत्रा. एक बसवावा तर दुसरा उडी मारतो. त्यातून हे ऊसतोडीचे दिवस. आमचा ऊस इनामगावच्या शिवारात, घोडनदीच्या कडेला, घरही तिथंच. तोडीची चिठ्ठी कारखान्याचा चिटबॉय देतो, पण ऊस तोडणाऱ्यांची टोळी कधी येणार ते त्यालाही ठाऊक नसतं. विचारलं की 'आज-उद्या' म्हणतो, आणि त्याची उद्या महिनाभर चालते. दौंडहून दिल्लीची गाडी, तिथून हरिद्वार, मग दिवसभराचा घाट. प्रवास करण्याआधीच मी त्या प्रवासानं दमून गेले होते.

तरी करत राहिले, कारण मला जायचं होतं. अगदी मनापासून. बर्फ बघायची हौस नव्हती, मला घसरायचं होतं. माहेरी कासुर्डीला भाऊ कालव्याच्या उतारावरून हँडल सोडून सायकल सोडायचे आणि मी खाली त्यांची दप्तरं धरून उभी असायचे. लग्नानंतर जत्रेत सगळे पाळण्यात बसायचे, मी खाली पिशव्या राखायचे. एकदा तरी मला वरून खाली यायचं होतं, आणि तेव्हा माझ्या हातात कुणाचं काही नको होतं.

माझे सासरे, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, ते कानानं कमी. मुलगी फोनवर मोठ्यानं 'स्की, स्की' करत होती ते त्यांनी 'स्कीम' असं ऐकलं आणि देवळाच्या पारावर सांगून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या मावशी आधारकार्डाची झेरॉक्स आणि फोटो घेऊन दारात हजर.

"नवी स्कीम आलीया म्हनं तुमच्याकडं. माझं बी नाव लावा."

मी समजावून सांगितलं. पायाला लांब पट्ट्या बांधायच्या आणि बर्फावरून घसरत खाली यायचं.

त्यांनी बराच विचार केला. "आन् मिळतंय काय त्यात?"

"काही नाही."

"घसरायला एवढ्या लांब? आमच्या मोरीत या की." झेरॉक्स पिशवीत घालून त्या गेल्या.

आबांच्या डोक्यातून स्कीम मात्र निघाली नाही. संध्याकाळी मी कामावरून आले की बाजेवरून विचारायचे, "स्कीमचं कुठवर आलं?" शेवटी मीही म्हणू लागले, "होईल मंजूर."

आणि झालं. चौघांची तिकिटं मिळाली, खोल्या ठरल्या, आबांना नणंदेकडं ठेवायचं ठरलं. तेवढ्यात चिटबॉयचा फोन आला. टोळी नेमकी त्याच आठवड्यात. आबा म्हणाले, ऊस तुटत असताना मी लेकीच्या दारात बसणार न्हाई.

हे शिफ्टवरून आले, तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "तू थांब मग. टोळी आल्यावर घरात कुणीतरी पायजेल. आबांचं खाणंपिणं हाय. तुला तरी त्या बर्फात काय करायचंय?"

त्यात राग नव्हता, दुष्टावा नव्हता. जाता जाता दिवा मालव म्हणावं, तसं म्हणाले. मी 'बरं' म्हणाले. मुलांना कळवलं तर दोघंही म्हणाली, आई, पुढच्या वर्षी तू नक्की.

काय झालं ते आबांना मोठ्यानं सांगावं लागलं. ऐकून म्हणाले, "म्हंजी तुझं नाव कटलं म्हन की."

आमच्याकडं घरकुलाच्या यादीतून नाव कटतं, रेशनमधून कटतं. ज्याचं कटतं तो ग्रामपंचायतीत जाऊन कुणी कापलं म्हणून भांडतो तरी. मी कुणाकडं जाणार? स्वतःच बरं म्हणून बसले होते. तोवर मला नुसतं दमल्यासारखं वाटत होतं. त्या शब्दानं वाईट वाटलं. पीठ मळता मळता डोळ्यांना धार लागली, आणि रागही आला, सगळ्यांचाच.

नंतर एका सकाळी औलीहून स्कीचं सामान भाड्यानं देणाऱ्याचा फोन आला. चारांतलं एक माणूस कमी झाल्याचं मी त्याला कळवलं होतं. हे समोरच चहा पीत बसले होते.

"मॅडम, अब तीन लोग हैं ना? जूतों के नंबर बोलिए."

मुलाचा दहा, मुलीचा पाच. "और तीसरा?" ह्यांचा नऊ अगदी जिभेवर होता. पण तो उच्चारायचंही त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

"तीसरी मैं," मी म्हणाले. "मेरा नंबर मालूम नहीं."

खरंच माहीत नव्हता. घरात प्रत्येकाचा नंबर मला पाठ, स्वतःची चप्पल मात्र मी पाय घालून बघून घेते. मी खाली वाकून फरशीवर पाय ठेवला आणि वितीनं मोजला. "एक बित्ता और तीन उंगली."

तिकडचा माणूस हसला. "चलेगा मॅडम, यहाँ नाप लेंगे."

फोन ठेवला. ह्यांच्या हातात कप तसाच होता. आता बोलतील, मग मला बोलावं लागेल, आणि मला बोलायचं नव्हतं. हे उठले, दाराशी गेले, माझी चप्पल उचलून उलटी केली आणि उजेडाकडं धरून निरखत राहिले.

"आकडा घासून गेलाय," म्हणाले. "काय वाचता येईना."

चप्पल त्यांनी जोडीला जोड लावून खाली ठेवली. मग बाजेकडं तोंड करून, आबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आबा, आठ दिस माझ्या हातची भाकरी खात्याल का?"