दोन पासपोर्टांचा रबरबँड

शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५. सकाळचे अकरा वाजून पाच मिनिटे. अबुधाबीच्या विमानतळावर सामान घेणाऱ्या तरुणाने माझ्या नातीचे दोन पासपोर्ट हातात घेतले, त्यांच्याभोवतीचा रबरबँड काढला आणि नवा पासपोर्ट यंत्रावर ठेवला. मग तो उचलून पुन्हा ठेवला. तिथून हे सुरू झाले.

नात ब्रिटनमध्ये शिकते. तिचे दुसरे वर्ष सुरू व्हायचे होते. सोमवारी विद्यापीठात हजर राहून नोंदणी करायची होती. नोंदणी झाली नाही तर विद्यापीठ तसे तिथल्या सरकारला कळवते, आणि व्हिसा जातो. हे तिने मला जुलैमध्ये सांगितले होते. मी ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहिली होती.

कागदपत्रे हा माझा व्यवसाय होता. एका बांधकाम कंपनीत मी पस्तीस वर्षे कामगारांचे पासपोर्ट आणि व्हिसा सांभाळले. हे काम करणाऱ्याला इथे मंदूब म्हणतात. निवृत्त झाल्यावर मुलाच्या व्हिशावर राहिलो आणि घराचा मंदूब झालो. सर्वांची कागदपत्रे माझ्या लोखंडी कपाटात असतात. त्याच कपाटात एक जुना फोन असतो. सरकारी खाती, बँका, व्हिसा, जिथे जिथे नंबर मागतात तिथे मी त्या फोनचा नंबर दिलेला आहे. किल्ली माझ्या खिशात असते. नात त्या कपाटाला मंत्रालय म्हणते.

जुलैमध्ये तिच्या पासपोर्टात दोनच कोरी पाने उरली होती. मी नवा काढून घेतला. जुना पासपोर्ट रद्द होऊन, कोपरा कापून परत आला. तेव्हा तिने विचारले होते, "आजोबा, नंबर बदलला ना. ऑनलाइन अकाउंटमध्ये अपडेट करावा लागेल बहुतेक."

मी म्हणालो, "जुना सोबत ठेवायचा. व्हिसा जुन्यावर, प्रवास नव्यावर. मी शेकडो माणसं अशी पाठवली आहेत."

ते खरे होते. कामगाराचा पासपोर्ट संपे, व्हिशाची मुदत शिल्लक असे. मी दोन्ही पासपोर्ट एकत्र बांधून देई. अधिकारी जुना उघडून चिकटवलेला व्हिसा पाही, नव्यावर शिक्का मारी. एकही माणूस परत आला नाही. म्हणून त्या दिवशीही सकाळी मी रबरबँड लावला. दोनदा गुंडाळला.

तिच्या जुन्या पासपोर्टात ब्रिटनचा व्हिसा चिकटवलेला नव्हता. तो कुठेच चिकटवलेला नव्हता. तो एका ऑनलाइन खात्यात होता, आणि त्या खात्याला फक्त जुना क्रमांक ठाऊक होता.

"अंकल, नये नंबर पे कुछ नहीं दिख रहा," तरुण म्हणाला. त्याने जुन्या पासपोर्टाची पाने चाळली. "और ये तो कैन्सल है."

"वीसा पुराने नंबर पे है," मी म्हणालो.

"तो अकाउंट में नया डालना था. डाला नहीं?"

त्याने हे मला विचारले. मी उत्तर देण्याआधी नात म्हणाली, "सॉरी, माय मिस्टेक. आय फरगॉट."

ती विसरली नव्हती. मी तिथे उभा होतो. 

तिने फोनवर खाते उघडायला घेतले. आत जाण्यासाठी सहा आकडी कोड लागतो. तो कपाटातल्या फोनवर गेला. मुलगा ऑफिसात होता, सूनबाई शाळेत शिकवायला गेल्या होत्या. घरी कोणी असते तरी उपयोग नव्हता. किल्ली माझ्या खिशात होती.

"मंत्रालय बंद आहे," नात म्हणाली. ती हसली नाही.

तरुणाने घड्याळ पाहिले. "सवा एक तक काउंटर खुला है, अंकल. यल्ला, जल्दी कीजिए."

मी टॅक्सी केली. रस्ता मोकळा होता. चालकाने विचारले, कोणाला सोडून आलात का. मी होय म्हणालो. बाराला पाच मिनिटे असताना मी कपाट उघडले. तिला माझ्या नेहमीच्या फोनवरून कळवले. तिने कोड पुन्हा मागवला, तो आला, मी एकेक आकडा वाचून दाखवला.

"सात. शून्य. शून्य. चार..."

"आजोबा, फास्ट. एक्स्पायर होतो तो."

मी उरलेले दोन वाचले. ती आत गेली. नव्या पासपोर्टाचा फोटो काढला, स्वतःच्या चेहऱ्याचा काढला, अर्ज पाठवला. पडद्यावर काय आले ते तिने मला वाचून दाखवले. बदलाचा अर्ज मिळाला आहे, तपासून कळवू, काही दिवस लागू शकतात.

"किती?" मी विचारले.

"लिहिलं नाहीये."

कपाटासमोर एक खुर्ची असते. तिच्यावर मी बसून राहिलो. पाठीवर एसीचा वारा येत होता, तो मी बंद केला नाही. सव्वा वाजला. एक वाजून वीस मिनिटांनी तिचा फोन आला. काउंटर बंद झाले होते, बॅग तिला परत मिळाली होती.

"खलास," ती म्हणाली. "घरी येते. जेवण ठेवा."

अडीचला ती आली. मुलगा आणि सूनबाई तिच्या आधी पोहोचले होते. बॅग दारातच उभी राहिली. तिच्यात सूनबाईंनी भाजलेली भाजणी आणि गोडा मसाला होता. ते बाहेर काढायचे की नाही, हे कोणी विचारले नाही. नातीने आल्या आल्या विद्यापीठाला पत्र लिहिले, अर्जाची पोच जोडली, आणि मग हात धुतले.

जेवताना मुलगा तिला म्हणाला, "वीस वर्षांची झालीस. स्वतःचा व्हिसा स्वतः बघता येत नाही? इतकं साधं काम."

"आय नो, बाबा."

"काय आय नो? सोमवारी नाही पोहोचलीस तर वर्ष जाईल. वर्षच काय, सगळंच."

"आय नो."

तिने वर पाहिले नाही. माझ्याकडेही पाहिले नाही. भात कालवत राहिली.

"तिने जुलैमध्ये विचारलं होतं," मी म्हणालो. "मी नको म्हटलं. चूक माझी आहे."

मुलाचा घास हातात राहिला. आयुष्यात हे वाक्य मी त्याच्यासमोर उच्चारले नव्हते. त्याने माझ्याकडे पाहिले, मग पानाकडे.

सूनबाई मला म्हणाल्या, "बाबा, वरण वाढू का?"

"अर्धी वाटी."

साडेचारला विद्यापीठाचे उत्तर आले. पुढच्या शुक्रवारपर्यंत हजर राहण्याची सवलत होती, त्यापुढे नाही. नातीने ते मोठ्याने वाचले.  पुढे मंगळवारी खात्यात नवा क्रमांक दिसू लागला आणि गुरुवारी ती गेली. पण त्या संध्याकाळी आम्हाला ते ठाऊक नव्हते.

सहाच्या सुमारास मी तिला कपाटाजवळ बोलावले.

"त्या खात्यातला माझा नंबर काढ. तुझा घाल."

"असू दे, आजोबा. आता तुम्हाला माहितीये ना."

"काढ."

ती जमिनीवर बसली. नंबर बदलण्यासाठीही आधी जुन्या नंबरावर कोड येतो. जुना फोन माझ्या मांडीवर वाजला. मी चष्मा लावला आणि सहा आकडे वाचले, या वेळी भरभर. तिने ते भरले. मग दुसरा कोड आला, तो तिच्या फोनवर. तो तिने स्वतःशीच वाचला.

"झालं," ती म्हणाली. "मिनिस्टर रिझाइन्ड." मग थोड्या वेळाने, "चहा करू?"

"कर."

ती आत गेली. काउंटरवरच्या तरुणाने परत देताना पासपोर्टांना रबरबँड पुन्हा लावून दिला होता. तो मी काढला. नवा पासपोर्ट तिच्या पर्समध्ये ठेवला. जुना कपाटात, तिच्या नावाच्या पाकिटात ठेवला, आणि कुलूप लावले.