बिनमोरचुदाची खळ

बेटकर हे काही त्याचं आडनाव नव्हे. जन्मात समुद्र न पाहिलेल्या त्या बाइंडरला गल्लीनं ते नाव चिकटवलं होतं. गल्लीच्या टोकाला वरच्या मजल्यावर एका दूरच्या बेटाची वकिलात होती. तिथल्या वह्या बांधायला तो जाई आणि येताना रिकामी पाकिटं मागून आणी. बहुतेकांवर तिकीटच नसे, वकिलातीचा शिक्का आणि मागं लाखेची मोहर. बेटावरची राजेशाही गेली, तेव्हा शिक्क्यातल्या राजमुकुटावर शाईची काट मारून तोच शिक्का वर्षभर चालवला गेला. ती पाकिटं त्याला जिवापाड प्यारी. इतर शौकीन तिकीट कापून पाकीट टाकून देत. "मुंडकं ठेवून धड फेकायचं?" तो म्हणे.

"माझी सवत समुद्रापलीकडची आहे," बायको शेजारणींना सांगे.

वकिलात उठली तरी तो रद्दीच्या दुकानांतून बेटाचं टपाल हुडकत राहिला. म्हातारपणी त्याला बेटाहून निरोप आला. तिथला दप्तरखाना आगीत गेला होता, मागचं काही उरलं नव्हतं. दप्तरखान्याची एक बाई येऊन संग्रह पाहणार होती, पसंत पडला तर सगळा बेटावर नेणार होती.

त्यानं मोठे आल्बम बांधायला घेतले. "सुटी पाकिटं रद्दीवालाही देतो," म्हणाला. प्रत्येक पाकिटाच्या पाठीला पट्टी लावून ते पानावर डकवायचं, मैद्याच्या खळीनं. खळ उतरवताना तो तिच्यात मोरचूद घाली. ते निळं विष असलं की कागदाला कीड लागत नाही.

पण त्याच दिवसांत बायकोचं डोकं फिरत चाललं होतं. ती दोरा चावी, साबण चाटी. एकदा तो वळून पाहतो तर ती खळीच्या वाडग्यात बोटं घालून चाटत बसलेली, ओठ पांढरे.

"अहो, साखर घालायला विसरलात."

मोरचूद अजून पुडीतच होता. त्यानं पुडी नेऊन गटारात रिकामी केली.

मेहुण्यानं सांगून पाहिलं. "दाजी, ताईला थोडे दिवस माझ्याकडे ठेवा. तुमचं काम उरकेल."

"तुला ओळखते का ती?"

ती नवऱ्याशिवाय कुणाच्या हातचं पाणीही पीत नव्हती.

पाहुणी लवकर येईल, या भरवशावर त्यानं बिनमोरचुदाचीच खळ वापरली. प्रवासाच्या परवान्यात अडकून तिचं येणं लांबलं. ओल धरणारे महिने गेले. तो आल्बम ठेवलेल्या पेटीपर्यंत जाई, कडीला हात लावी आणि परत येई.

शेवटी पाहुणी आली. मेहुण्यानं पेटी उघडली. पहिलं पान उचललं तशी भुकटी सांडली. खळीच्या ओढीनं कसर आली होती आणि खळ खाता खाता पाकिटं खाऊन गेली होती. काट मारलेल्या मुकुटांच्या जागी जाळी होती. तेवढ्या लाखेच्या मोहरा शाबूत, कशालाच न चिकटलेल्या, पानांत घरंगळत होत्या.

बाईनं हात पुसले. "कीड लागलेला कागद आम्हाला नेता येत नाही. फार वाईट वाटतं." मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "तुम्ही तर बाइंडर. खळीत काही घालत नाही का?"

बायको त्याच्या शेजारीच बसली होती. त्या दिवशी तिचे डोळे निवळलेले होते, केस विंचरलेले होते. ती त्याच्या तोंडाकडे पाहत होती.

मेहुण्यानं तोंड उघडलं. बाइंडरनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं ते मिटलं.

"घालतात," बाइंडर म्हणाला. "मी विसरलो."

बाईनं मान हलवली. बायको हळूच हसली आणि त्याच्या बाहीवरची भुकटी झटकू लागली. "म्हातारे झालात हो तुम्ही."

"झालो," तो म्हणाला.

पाहुणी गेल्यावर मेहुण्यानं आल्बम मागच्या अंगणात नेऊन पेटवले. बाकीच्या पुस्तकांना कीड लागायला नको होती.