उतरलेला ताप

"न्यूमोनिया झाला आहे," अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. म्हणजे फुफ्फुसाला सूज येऊन त्यात पू-पाणी भरणं. मी म्हणालो, "साहेब, हिले तर फ्लू झालता. तो गेला बी."

सत्तावन्न साली फ्लूची साथ आली तेव्हा अंजनगावात घरोघरी माणसं पडली. माझी बायको यमुना पडली. अंग ठणकलं, ताप फणफणला, मग उतरला. भाकर खाल्ली तिनं. डोक्यावरून न्हाली, कारण आमच्याकडे न्हाल्याशिवाय पानमळ्यात कोणी पाय ठेवत नाही, आणि विड्याच्या पानांची खुडणी अडली होती.

"पडून राय," मी म्हणालो.

"पानं तुमच्यासारखी बसून राह्यत नाहीत," म्हणाली, आणि टोपली घेऊन गेली.

आली ती हुडहुडी घेऊनच. छातीत कळ, थुंकी गंजाच्या रंगाची. तशीच मोटारीत घालून अमरावतीला नेली.

मी डॉक्टरांना विचारलं, "न्हाली म्हणून झालं काय?"

"नाही. तुमच्या मळ्याभोवती वारा अडवायला काड्यांचा कूड असतो ना? तसा छातीलाही असतो. फ्लूनं तो मोडला. श्वासनळीचं आतलं अस्तर सोललं गेलं, जंतूंशी लढणारं बळ खचलं. एरवी घशात गुमान बसलेले जंतू आत शिरले. ताप उतरतो, पण कूड लगेच उभा राहत नाही."

पेनिसिलिन, म्हणजे जंतू मारायचं औषध, सुईनं देत होते. नाकाला ऑक्सिजनची नळी. मी व्हरांड्यात बसून होतो. दुसरं काय करणार? आत सोडलं की श्वासासाठी फुलणाऱ्या तिच्या नाकपुड्या पाहायचो. ओठ निळे पडत चालले होते.

"खुडणी झाली?" तिनं विचारलं.

"झाली," म्हणालो. झाली नव्हती.

त्यानंतर ती बोलली नाही. गेली.

दहाव्याला माझी बहीण म्हणाली, "आंघोळच भोवली तिले." मी म्हटलं, "मेलीवर बट्टा लावू नको." डॉक्टरनं तिला दोष दिला नाही, त्याचे उपकार मी अजून मानतो.

तुमच्या घरी फ्लू येऊन गेला असेल तर ताप उतरला म्हणून माणसाला कामाला लावू नका. पुन्हा हुडहुडी भरली, दम लागला, तर थेट दवाखाना गाठा. त्यानं माणूस वाचतोच असं मी म्हणत नाही. आम्ही त्याच दिवशी नेली होती.

मळ्याचा कूड मोडला की मला लांबून दिसतो. तिचा दिसला नाही. ओले केस झटकत उभी होती, चांगली बरी दिसत होती.